घशातल्या घशात

कोशाच्या कचेरीत एक नियम होता, आणि तो जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केला नसता. प्राण्याच्या आवाजावरून आलेला इंग्रजी शब्द असेल, तर तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय त्याचा मराठी अर्थ लिहायचा नाही. ऐकल्याची तारीख, जागा आणि प्राण्याचं वय कार्डाच्या मागच्या बाजूला टिपायचं, आणि मगच ते कार्ड मुख्य संपादकांच्या टेबलावर ठेवायचं.

हा नियम आला तो एका पत्रामुळे. पहिल्या आवृत्तीत कोणीतरी घाईघाईत कुत्र्याच्या रागालाही 'गुरगुरणे' लिहिलं आणि मांजराच्या लाडालाही 'गुरगुरणे'च. एका वाचकाने कळवलं, 'माझी मांजर रोज तासभर माझ्या मांडीवर असते. ती तुमच्या कुत्र्यासारखी गुरगुरत असती, तर हे पत्र मला डाव्या हाताने लिहावं लागलं असतं.' तेव्हाच्या संपादकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पत्र खोटं नव्हतं. त्यांनी नियम केला, पुढे ते गेले, आणि नियम मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखा कचेरीतच राहिला.

आपला कोशकार त्या कचेरीत बावीस वर्षं काम करत होता, आणि हा नियम मनापासून पाळणारा तो बहुधा एकटाच. बाकीचे खिडकीतून कावळा ऐकून दोन-तीन पक्षी उरकायचे. हा मात्र कोंबडीच्या खुराड्याजवळ अर्धा दिवस उकिडवा बसलेला, मधमाश्यांच्या पेटीजवळ कान लावून आलेला. मधमाशीच्या कार्डामागे तारीख, जागा आणि त्याखाली त्याच्या बारीक अक्षरात 'डंख: दोन' असं लिहिलेलं अजूनही सापडेल. त्याला कोणी काही सांगितलं की तो आधी कान द्यायचा, मग टिपून घ्यायचा, आणि उत्तर द्यायचं बऱ्याचदा राहूनच जायचं.

तर या माणसापुढे एका शनिवारी मोठ्या बाईंनी कार्ड सरकवलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्य संपादक. उंचीने सगळ्यांत लहान, पण त्यांच्या लाल पेन्सिलीला सगळे टरकून असत.

"निकर," बाई म्हणाल्या. "काम निकरावर आलं म्हणायचं."

कोशकार हसला नाही. त्याने कार्ड वाचलं. शब्द घोड्याचा होता. घोडा मोठ्याने ओरडतो त्याला आपल्याकडे खिंकाळणं आहे, नाकपुड्यांतून हवा सोडतो ते फुरफुरणं आहे. हा तिसराच आवाज होता. खालचा, हळू, ओळखीचा. घोडी आपल्या शिंगराला बघून काढते तो. शब्द आवाजाच्या नकलेतूनच झालेला, स्कॉटलंडच्या बाजूला जास्त बोलला जाणारा, आणि तिकडे माणसांच्या दबक्या हसण्यालाही हाच शब्द लावतात. इंग्रजांच्या रस्त्यावरच्या बोलीत एका पौंडालाही निकर म्हणतात, पण त्याचा घोड्याशी काही संबंध आहे की नाही हे कोणालाच नक्की सांगता आलेलं नाही. इतकं सगळं होतं, आणि अर्थाच्या जागी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'हळू खिंकाळणे'.

"हळू खिंकाळणे!" बाई म्हणाल्या. "म्हणजे कुजबुजणे म्हणजे हळू बोंबलणे. उद्या जा आणि ऐकून या."

"उद्या रविवार आहे."

"घोड्यांना रविवार नसतो."

घोड्यांना नसला तरी कोशकाराला गेल्या नऊ महिन्यांपासून रविवार होता. सेहेचाळीसाव्या वर्षी त्याने लग्न केलं होतं, पहिलंच. बायको मोठ्या इस्पितळात नर्स, पाच वर्षांपूर्वी नवरा गेलेला, पदरात अकरा वर्षांची मुलगी. दोन खोल्यांच्या घरात तिघांची पावलं एकमेकांत अडखळत होती, आणि बायकोची रविवारी दिवसपाळी असली की घरात तो आणि मुलगी असे दोघंच उरत.

मुलगी वाईट वागत नव्हती. रडारड नाही, आदळआपट नाही, उलट बोलणं नाही. त्याच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती अभ्यास करायची आणि पेन्सिलीला टोक काढून सालपटं त्याच्या चहाच्या बशीत टाकायची. तो बशी बाजूला सरकवायचा, पण काही म्हणायचा नाही. खरं सांगायचं तर त्याला ती सालपटं आवडायला लागली होती. बायको रात्रपाळीला आणि मुलगी सहलीला गेली होती त्या एका दिवशी रिकामी बशी बघून त्याला उगाचच उदास वाटलं होतं. फक्त एकच होतं. मुलगी त्याला हाक मारत नव्हती. काका नाही, बाबा नाही, अहोसुद्धा नाही. काही हवं असलं की येऊन समोर उभी राहायची.

आणि इथे आपल्या कोशकाराने जी चूक केली, ती कोशाच्या कचेरीत बावीस वर्षं घालवल्याशिवाय माणसाच्या हातून होणं शक्य नाही. त्याने मुलीची कार्डं करायला घेतली.

वाईट हेतूने नव्हे. उलट मायेनेच. त्याला माया करायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. संध्याकाळी तो कोरं कार्ड घ्यायचा आणि लिहायचा: 'संदर्भ: बाटलीचं झाकण निघत नव्हतं. हाक: नाही. बाटली समोर धरली.' 'संदर्भ: शाळेच्या फॉर्मवर सही. हाक: "ते, हे."' 'संदर्भ: न्हाणीघरात कोळी. हाक: "आईऽऽ", पण पाहिलं माझ्याकडे.' त्या शेवटच्या कार्डाखाली त्याने दोनदा रेघ ओढली होती. अशी एकतीस कार्डं झाली. रबर लावून ती त्याच्या खांद्याच्या पिशवीत असायची. ज्या दिवशी कार्डावर काका, बाबा, काहीही एक शब्द येईल, त्या दिवशी आपलं या घरात नाव लागलं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

त्यातच मुलीच्या मावशीचं पत्र आलं होतं. ही बायकोची थोरली बहीण, दुसऱ्या गावात राहणारी, ऐसपैस घर, दोन मुली, जवळच चांगली शाळा. तिने लिहिलं होतं, 'तुझ्या पाळ्या, तुमच्या दोन खोल्या. पोरीला माझ्याकडे पाठव. माझ्या दोघींत ही तिसरी. पुढच्या रविवारी येते, तेव्हा काय ते सांगा.' बायकोने ते पत्र दोनदा वाचलं. मग कोशकाराला म्हणाली, "अहो, तिच्यावर कोणी दबाव आणायचा नाही. तिचे बाबा गेले तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, मी लग्न केलं तेव्हाही नाही. निदान हे तरी तिचं तिला ठरवू दे."

हे बोलणं रास्तच होतं. कोशकाराने मान डोलावली आणि कचेरीतला नियम पाळावा तसा हाही नियम पाळला, म्हणजे अक्षरशः. आतून त्याचा जीव तीळतीळ तुटत होता. ती गेली तर हे घर आपल्याला खायला उठेल, हे त्याला लख्ख दिसत होतं. पण तोंडाला कुलूप.

रविवारी सकाळी बायको कामावर गेल्यावर तो मुलीला म्हणाला, "तबेल्यात जायचंय. घोडा ऐकायला. येणं होईल का?"

मुलीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "घोडा बघायला जातात," ती म्हणाली.

"आपल्याला ऐकायचाय."

"बरं," ती म्हणाली, आणि पायांत बूट घातले.

शहराच्या कडेला घोडेस्वारी शिकवणारा एक क्लब होता आणि त्याच्यामागे लांबलचक तबेला. ओल्या गवताचा आणि चामड्याचा वास. तिथे एक म्हातारा पायावर पाय टाकून बसला होता आणि लोखंडी दातांचा ब्रश, म्हणजे घोड्यांचा खरारा, स्वच्छ करत होता. तबेल्यातली पोरंसोरं त्याला खरारेमामा म्हणत. कोशकाराने आपलं काम सांगितलं. मामांनी ते दोनदा ऐकलं.

"म्हणजे तुम्हाला घोडा चढायचा नाही, घ्यायचा नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. नुसता आवाज ऐकायचाय?"

"हो. हळू काढतो तो."

"अहो साहेब, तो काय रेडिओ आहे, कान पिळला की लागला?"

मुलगी फिसकन हसली. मामांनी तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि दोघांना शेवटच्या कप्प्याशी नेलं. आत एक तपकिरी घोडा भिंतीकडे तोंड करून उभा होता. एकवीस वर्षांचा, पाठ जराशी खचलेली, डोळ्यांवर पांढरे केस. कोशकाराने घसा साफ केला. घोड्याने एक कान मागे वळवला आणि परत पुढे केला. एवढंच. पाऊण तास दोघं तिथे उभे राहिले. कोशकाराने जीभ टाळ्याला लावून आवाज काढले, मुलीने शीळ घातली, आणलेलं गाजर दाखवलं. घोड्याने गाजर सभ्यपणे खाल्लं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"हा आपल्याला ओळखत नाही," मुलगी म्हणाली.

"ओळख दाखवायला वेळ लागतो," कोशकार म्हणाला, आणि जरा अवघडला.

मग साडेदहाला तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला मामा उठले. अजून त्यांच्या हातात खाण्याची बादली नव्हती. त्यांचा एक पाय जरा घासत पडायचा, आणि ती घासण्याची चाहूल लागताच घोडा वळला. कान उभे. तोंड मिटलेलं, पण नाकपुड्या थरथरायला लागल्या, आणि त्याच्या घशातल्या घशात कुठूनतरी एक खोल, कंप पावणारा आवाज आला. हुंकारासारखा म्हणावा तर त्यात रुसवा नव्हता, हसण्यासारखा म्हणावा तर त्यात घाई नव्हती.

"ऐकलं?" मुलीने कोशकाराची बाही घट्ट धरली होती. "ऐकलं का? हाच ना?"

"हाच," तो म्हणाला. त्याने हात हलवला नाही, बाही सुटेल म्हणून.

मामा आले तेव्हा मुलीने त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. हा असं रोज करतो का? सगळ्यांना बघून करतो का? खायला मिळणार म्हणून करतो का?

"आधी खाण्यासाठीच करायचा की!" मामा कप्प्याच्या दारावर कोपर टेकून म्हणाले. "पोटाला कोणी चुकलंय का, बाळ? हा इथे आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. ज्याच्याकडे वाढला तो माणूस गेला, मग ह्याला इथे आणून सोडला. चार महिने आवाज नाही. खायचा, प्यायचा, भिंतीकडे तोंड करून उभा. डॉक्टर म्हणाला, घसा ठीक आहे. घसा ठीकच होता. मी आपला रोज येऊन बोलत बसायचो."

"काय बोलायचात?"

"काहीही. पाय दुखतो म्हणायचो. सून कशी बोलली ते सांगायचो. म्हणायचो, राजा, आज तू लई देखणा दिसतोस. मग कधीतरी बादली दिसली की बोलायला लागला. आणि पुढे एक दिवस माझ्याकडे बादली नव्हती, काही नव्हतं, नुसता टेकायला आलो होतो, तरी बोलला. आता कशासाठी बोलतो ते त्यालाच विचारा."

"म्हणजे आधी तुम्हीच बोललात," मुलगी म्हणाली.

"मग! तो नवा आलेला. नव्याने कशाला आधी बोलायचं? तबेला माझा होता."

कोशकाराला हे सगळं जसंच्या तसं टिपून घ्यायचं होतं. त्याचे हात गाजराच्या मातीने भरलेले होते. "पिशवीतलं एक कोरं कार्ड मिळेल का?" तो म्हणाला. मुलीने पिशवीत हात घातला आणि रबर लावलेला गठ्ठा बाहेर काढला.

कोशकार गठ्ठा घ्यायला पुढे झाला. पण तोवर तिने पहिलं कार्ड वाचलं होतं. मग दुसरं. ती सावकाश वाचत होती, परीक्षेचा पेपर वाचावा तशी. कोळ्याच्या कार्डापाशी आल्यावर तिचे कान लाल झाले.

"ही माझी आहेत?"

"हो. म्हणजे तसं नाही..."

"मी काय घोडा आहे?"

मामांनी पुढची बादली आठवल्यासारखं केलं आणि ते तिथून निघून गेले.  माती लागलेल्या हातांचं काय करावं हे कोशकाराला सुचेना.

"मी तुम्हाला काय म्हणते ते लिहिलंय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि तुम्ही मला काय म्हणता? ते कुठल्या कार्डावर आहे?"

बसमध्ये ती त्याच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

सोमवारी कोशकार कचेरीत गेला खरा, पण त्याचं लक्ष लागत नव्हतं. तो आठवायला बसला. नऊ महिन्यांत आपण तिला काय म्हणालो? 'दप्तर भरून झालं का?' 'दूध पिऊन झालं का?' 'उशीर होतोय.' 'येणं होईल का?' सगळी वाक्यं हवेत सोडलेली, कोणाच्याही अंगावर न बसणारी. तिचं शाळेतलं नाव घ्यावं तर हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. घरातलं लाडाचं नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं, ते आपण तोंडात घ्यायचा काय अधिकार? बाळ म्हणावं तर ती अकरा वर्षांची, बेटा म्हणावं तर आपल्यालाच खोटं वाटेल. म्हणून त्याने ती जागा कोरी सोडली होती, आणि अकरा वर्षांच्या पोरीने मात्र आपली जागा भरावी म्हणून तो रोज संध्याकाळी पेन घेऊन बसत होता. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्याने कपाळाला हात लावला, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, डोकं दुखतंय का.

मंगळवारी त्याने ती एकतीस कार्डं फाडून टाकली आणि मुलीला तसं सांगितलं.

"फाडली."

"बरं," ती म्हणाली. बशीत सालपटं पडली नाहीत. ती आता खाटेवर बसून अभ्यास करत होती.

गुरुवारी त्याने घोड्याचं कार्ड मोठ्या बाईंच्या पुढे ठेवलं. बाईंनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं. "'ओळखीच्या जिवाची चाहूल लागताच घोड्याने तोंड न उघडता घशातल्या घशात काढलेला हळुवार, कापरा आवाज.' हं. मागे तारीख, जागा, वय वर्षं एकवीस. एक शब्दही खोडायला ठेवला नाहीत म्हणजे तुम्ही हद्द केलीत." त्यांनी लाल पेन्सिलीने कोपऱ्यात सही केली. मग त्याच्याकडे पाहिलं. "मग तोंड का असं? घोड्याने लाथ मारली का?"

त्याने सगळं सांगितलं. कार्डं, मावशी, रविवार, सगळं. बाई सहसा कोणाचं इतकं ऐकून घेत नसत.

"अहो, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं आणि लिहून ठेवायचं, हा आपला धंदा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याचे आपल्याला पैसे मिळतात. पण घरी कशाला कोश काढलात?"

 घरी जाऊन काहीतरी बोलायचं असं त्याने ठरवलं, आणि शुक्रवार गेला, शनिवारही गेला. बोलायला तोंड उघडलं की बायकोचं ते वाक्य आडवं यायचं, दबाव आणायचा नाही. आणि खरं म्हणजे त्या वाक्याच्या आड लपायला त्याला बरंही वाटत होतं. ती नको म्हणाली तर? न विचारलेल्या प्रश्नाला निदान नकार तरी मिळत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता मावशी आली. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. जिना चढून धापा टाकत आत आली, मुलीचा मुका घेतला, बहिणीला 'किती गं वाळलीस' म्हणाली, कोशकाराला 'काय म्हणतोय तुमचा कोश, झेडपर्यंत आला की नाही' असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खुर्चीत बसली. बायकोने आज पाळी बदलून घेतली होती. तिने चहा ठेवला. 

"हं, तर काय ठरलं गं?" मावशीने मुलीला जवळ ओढलं. "आमच्या दोघींनी कपाटातला कप्पासुद्धा रिकामा करून ठेवलाय तुझ्यासाठी."

मुलगी मावशीच्या खुर्चीला टेकून उभी होती. "ठरवते," ती म्हणाली. "पण आधी ह्यांना विचार."

"ह्यांना काय विचारायचं?"

"त्यांना काय वाटतं ते."

सगळ्यांनी कोशकाराकडे पाहिलं. त्याने बायकोकडे पाहिलं. मग चहाकडे. त्याच्या मनात इतकं काही एकदम दाटून आलं की त्यातलं काहीच बाहेर येईना, आणि जे आलं ते कचेरीतल्या पत्राच्या शेवटच्या ओळीसारखं आलं.

"तिची जी इच्छा असेल ती," तो म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

मुलीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग सूटकेसचं झाकण उघडल्याचा, मग कपाटाचं दार.

मावशी शाळेच्या गणवेशाबद्दल बोलायला लागली. निळा असतो, शनिवारी पांढरा. बायको हो हो म्हणत होती आणि पदराच्या टोकाला गाठ मारत होती. कोशकाराच्या चहावर साय धरली. आत एकेक कप्पा उघडत होता. त्या प्रत्येक आवाजाचा अर्थ त्याला कळत होता, कुठलाही कोश न उघडता. चौथा कप्पा उघडला तेव्हा तो उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचललीही नाही.

तो आतल्या दारात उभा राहिला. मुलगी पाठमोरी बसून स्वेटरची घडी घालत होती.

"अगं," तो म्हणाला.

तिचे हात थांबले, पण तिने वळून पाहिलं नाही.

"अगं, मला हरकत आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटत होता. "मोठी हरकत आहे. मघाशी मी खोटं बोललो. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तू गेलीस तर मला इथे करमणार नाही, एक दिवसही नाही. तू समोर बसून अभ्यास करतेस ना, ते मला फार आवडतं. पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. तुझ्यावर कोणी दबाव आणायचा नाही असं ठरलंय, मला माहीत आहे. पण हा दबाव आहे. मी आणतोय."

बाहेरच्या खोलीत मावशीचा गणवेश मध्येच थांबला. बायको त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

मुलगी वळली. तिचं नाक वाहत होतं आणि ती चांगलीच रागावलेली होती. "आठ दिवस!" ती म्हणाली. "आठ दिवस मी वाट बघतेय, ह्या घरात कोणीतरी म्हणेल नको जाऊ. आई म्हणते तुझं तू ठरव. तुम्ही तर काही म्हणतच नाही. मला वाटलं तुम्हाला दोघांनाच राहायचंय!"

"अगं वेडे!" बायको म्हणाली. तिने खाटेवर बसून लेकीला कुशीत घेतलं, आणि मग दोघी मिळून जे रडल्या ते पाच वर्षांचं साठलेलं होतं. कोशकार दारात उभाच. त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचं असतं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"म्हणजे मी जशी आले तशीच जाऊ का?" मावशी बाहेरून म्हणाली. पण तिचाही आवाज ओला झाला होता.

"मी सुट्टीत येईन ना, मावशी," मुलगी आईच्या खांद्याआडून म्हणाली. "कप्पा तसाच ठेवायला सांग."

थोड्या वेळाने दोघी बहिणी स्वयंपाकाला लागल्या. बाहेर मावशीचा मोठा आवाज पुन्हा सुरू झाला. मुलीने तोंड धुतलं, सूटकेस बंद केली आणि ओढत आणून कोशकाराच्या पायाशी ठेवली.

"ही माळ्यावर ठेवा," ती म्हणाली. "काढताना खुर्चीवर चढून काढली मी. ठेवायला माझा हात पुरत नाही."

त्याने सूटकेस उचलली. ती जड लागली. "अगं, ही भरलेली आहे. आधी रिकामी करायला हवी."

"मग करू या," ती म्हणाली. "मी खालचे दोन कप्पे लावते. वरचे तुम्ही लावा."

दोघं कपाटापाशी बसले. तिचा निळा फ्रॉक, तिचे मोजे, कोपरावर विरलेला स्वेटर असं एकेक तो बाहेर काढत होता आणि जमेल तसं दुमडून वरच्या कप्प्यात ठेवत होता. आयुष्यात त्याने लहान मुलीच्या कपड्यांना कधी हात लावला नव्हता. घड्या काही त्याला जमत नव्हत्या, आणि मुलगी त्याची प्रत्येक घडी मोडून, कशी घालायची ते न सांगता, फ्रॉक पुन्हा त्याच्याच हातात देत होती.